चोथ्यासकट गोडी : फळ हे रोजचे अन्न



या सदरातून आम्ही आजवर बेणेप्रक्रिया, लागणीचा हंगाम, खोडव्याचे व्यवस्थापन, पाचट कुजविणे अशा विषयांवर लिहीत आलो आहोत. या वेळचा विषय उसाच्या फडातला नाही, माणसाच्या ताटातला आहे. परंतु जे पिकाला लागू, ते पुष्कळसे माणसालाही लागू असते. म्हणून हा पाठ आपल्याला अवघड वाटणार नाही, असा आमचा विश्वास आहे.

आपल्या गावाकडे फळ केव्हा घरात येते, याचा आधी विचार करू. कुणी आजारी पडले, दवाखान्यात दाखल झाले, की आपण पिशवीत डझनभर केळी आणि चार मोसंबी घेऊन भेटायला जातो. दुसरा प्रसंग उपवासाचा. नाव ‘फलाहार’, पण ताटात साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याची भाजी. फळ असलेच तर एखादे केळे. एरवी आंब्याचा महिना-दीड महिना सोडला, तर वर्षभर फळाची आठवण होत नाही. ज्याच्या घरी बाग आहे त्याचीही गोष्ट वेगळी नाही. चांगला माल पेटीत भरून वाशीला जातो, आणि डागी, फुटका तेवढा घरात राहतो. म्हणजे पिकवायचे आपण, खायचे मुंबईकराने, आणि आपल्या घरात फळ यायचे ते आजारपण आल्यावर! हा क्रम उलटा करावा, एवढेच या लेखाचे सांगणे आहे.

केवडा पिकावर आणि केवडा माणसावर

चुनखडीच्या जमिनीत उसावर केवडा पडतो, हे आपण दरवर्षी पाहता. शिरा हिरव्या, मधली जागा पिवळी-पांढरी, आणि पुढे सगळे पानच पांढरे पडते. शेतकरी म्हणतो, “युरिया तर भरपूर टाकला, मग पीक पिवळे का?” कारण युरियाने नत्र मिळाले, लोह मिळाले नाही. गंमत अशी, की त्या जमिनीत लोह नसते असे नाही. लोह असते, पण पिकाला उचलता येईल अशा रूपात नसते. म्हणून आपण हिराकस शेणखतात मुरवून देतो. फवारणीच्या द्रावणात थोडे सायट्रिक आम्ल किंवा लिंबाचा रस घालणारेही शेतकरी आहेत. लोह विरघळलेले राहावे, पानाला घेता यावे, हा त्यामागचा हेतू.

आता माणसाचे बघा. भाकरी, भात, पिठले, चहातली साखर हा आपला युरिया. पोट भरते, काम करायला ताकद मिळते. पण शरीराला लोह, जीवनसत्त्वे, पालाश ही सूक्ष्म व इतर अन्नद्रव्येही लागतात. बाजरीची भाकरी, मेथी, मटकी यांत लोह आहे. तरीसुद्धा २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. म्हणजे दोन स्त्रियांमागे एकीपेक्षा जास्त. चालताना धाप लागणे, डोळ्यांपुढे अंधारी, पापणीचा आतला भाग फिकट, हा माणसावरचा केवडाच आहे.

रक्तक्षयाची कारणे अनेक असतात. जंत, जवळजवळची बाळंतपणे, पाळीत जास्त रक्त जाणे, मुळातच आहार कमी असणे, ही त्यांतली मोठी. परंतु एक कारण जमिनीतल्यासारखेच आहे: धान्य-भाजीतले लोह शरीराला सहज उचलता येत नाही. तेथे ‘क’ जीवनसत्त्व कामाला येते. एकाच जेवणात धान्य-भाजीबरोबर ‘क’ जीवनसत्त्वाचे फळ असले, तर त्या अन्नातले लोह विरघळलेल्या, शोषता येईल अशा रूपात येते. म्हणून फळ जेवणाबरोबर किंवा जेवण होताच खावे. याच्या उलट जेवणावर लगेच घेतलेला चहा लोह अडवून धरतो. निदान तासभर तरी मध्ये जाऊ द्यावा.

‘क’ जीवनसत्त्वाचा भरपूर साठा म्हणून आपण संत्र्याकडे पाहतो, पण आपला पेरू त्याच्या कितीतरी पुढे आहे. १०० ग्रॅम पेरूत सुमारे २०० मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व असते. मोठ्या माणसाची दिवसाची गरज ६५ ते ८० मिलिग्रॅम. म्हणजे अर्धा पेरू खाल्ला तरी त्या दिवसाचे भागले. आवळाही याच पंक्तीतला. पिकलेली पपई, काजूचे बोंड, लिंबू हीसुद्धा उपयोगी. परदेशी किवीच्या डबीला हात लावण्याआधी बांधावरचा पेरू आठवावा.

मुंबईच्या उपनगरांत झालेला एक प्रयोग

आपण ऊस संशोधन केंद्रावर प्रयोगाचे प्लॉट बघायला जातो. एका प्लॉटला खत देतात, शेजारच्याला देत नाहीत, आणि मग दोन्हींचे उतारे ताडून बघतात. माणसांच्या आहाराबाबत असाच एक काळजीपूर्वक केलेला प्रयोग मुंबईच्या उपनगरांत झाला. आपल्यापैकी अनेकांची मुले, भाऊ, जावई अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली या भागांत नोकरी-धंद्यानिमित्त राहतात, म्हणून तो आपल्यालाही जवळचा वाटेल.

वांद्र्यापासून अंधेरीपर्यंतच्या झोपडवस्त्यांतील स्त्रियांमध्ये २००६ ते २०१२ या काळात हा प्रयोग चालला. डॉ. रमेश पोतदार यांच्या पुढाकाराने, वांद्रे येथील ‘सेंटर फॉर द स्टडी ऑफ सोशल चेंज’ या संस्थेने इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या संशोधकांबरोबर तो केला. साडेसहा हजार स्त्रियांनी त्यात भाग घेतला. सगळ्या मूल होण्याची इच्छा असलेल्या, पण अजून दिवस न गेलेल्या. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा रीतीने त्यांचे दोन गट पाडले. एका गटाला रोज पालेभाज्या, फळ आणि दूध घालून केलेला, सामोसा-वड्यासारखा एक खाण्याचा पदार्थ. दुसऱ्या गटाला तसाच दिसणारा, पण बटाटा-कांदा अशा कमी पोषक वस्तूंचा पदार्थ. दिवस जाण्याच्या आधीपासून बाळंतपणापर्यंत हा क्रम चालू ठेवला. ‘खाल्ले का?’ असे नुसते विचारून भागवले नाही. समोर खायला देऊन किती खाल्ले त्याची नोंद ठेवली.

निष्कर्ष २०१४ आणि २०१६ साली प्रसिद्ध झाले. ते आहेत तसे सांगतो, फुगवून सांगत नाही. सगळ्या स्त्रिया एकत्र धरल्या तर बाळांच्या वजनात पडलेला फरक थोडा होता, आणि तो नक्की त्या आहारामुळेच, असे छातीठोकपणे म्हणता येण्याइतका नव्हता. परंतु ज्या स्त्रियांनी दिवस जाण्यापूर्वी किमान तीन महिने हा पदार्थ खाल्ला होता, त्यांच्या बाळांचे वजन सरासरी सुमारे ४८ ग्रॅमने जास्त भरले. फारच कृश असलेल्या स्त्रियांत हा फायदा दिसला नाही. गरोदरपणात होणाऱ्या मधुमेहाचा फरक मात्र ठळक होता. बटाटा-कांद्याच्या गटात तो १०० पैकी सुमारे १२ स्त्रियांना झाला, तर पालेभाजी-फळ-दुधाच्या गटात सुमारे ७ जणींना.

यावरून आपण काय घ्यावे? एक, हे श्रेय एकट्या फळाचे नाही. भाजी आणि दूधही त्यात आहे. दोन, औषध नव्हते, गोळी नव्हती, रोजचा एक घास होता. तीन, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचे, खत वेळेवर हवे. ऊस मोठ्या बांधणीला आल्यावर बेसल डोस आठवून उपयोग नाही. सून गरोदर आहे असे कळल्यावर मोसंबी आणण्यापेक्षा, लग्न होऊन घरी आली त्या दिवसापासून, किंबहुना आपली मुलगी शाळेत आहे तेव्हापासून, तिच्या ताटात फळ पडले पाहिजे.

मुंबईने ही गोष्ट पूर्वीही एकदा दाखविली आहे. १९२८ साली ल्यूसी विल्स नावाच्या इंग्रज स्त्री-डॉक्टर मुंबईत आल्या. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांना जडणाऱ्या एका जीवघेण्या रक्तक्षयाचा त्यांनी शोध घेतला. तो रोग आहारातल्या उणिवेतून येतो, आणि यीस्टच्या अर्काने बरा होतो, हे त्यांनी सिद्ध केले. त्यातला गुणकारी घटक पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखला गेला. आज गरोदर स्त्रियांना सरकारी दवाखान्यात लोहाबरोबर हीच गोळी देतात. निसर्गात तो पालेभाज्या, कडधान्ये यांत भरपूर, तर आंबा, पपई, पेरू या फळांतही थोडाबहुत असतो. अर्थात फळ खाल्ले म्हणून डॉक्टरांनी दिलेली गोळी बंद करायची नाही. बेसल डोस दिला म्हणून कुणी वरखत सोडत नाही.

साखरेचे काय? स्पष्टच बोलू

“साहेब, फळात साखरच असते, मग आमच्या साखरेनं काय बिघडतं?” असे काही सभासद विचारतात. प्रश्न रास्त आहे. साखर कारखान्याच्या अंकात त्याचे उत्तर टाळणे बरे नव्हे.

पिकलेल्या हापूसच्या रसाचा ब्रिक्स काढला तर १८ ते २० च्या आसपास येतो. चांगल्या पक्व उसाच्या रसाचाही जवळपास तेवढाच. गोडीच्या बाबतीत दोघे भाऊ-भाऊ. फरक पडतो तो मिलमध्ये. आपण उसाचा रस काढतो, चिपाड बॉयलरला जाते, रस आटवून साखर करतो. शेवटी पोत्यात राहते ती शुद्ध गोडी. चोथा नाही, जीवनसत्त्व नाही. फळात गोडी चोथ्यात बांधलेली असते. ती सावकाश सुटते, पोट लवकर भरते, रक्तातली साखर एकदम उसळत नाही. एका बैठकीला दोन पेरू खाऊन माणूस थांबतो. चहाचे कप मात्र दिवसाला सहा कधी झाले ते कळत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले, की दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त ऊर्जा ‘मोकळ्या’ साखरेतून येऊ नये. २००० कॅलरी घेणाऱ्या माणसाला हे प्रमाण सुमारे ५० ग्रॅम, म्हणजे दहा-बारा चमचे पडते. त्याहून कमी असेल तर आणखी चांगले. यात साखर, गूळ, काकवी, मध तर धरले आहेतच; फळांचा काढलेला रसदेखील धरला आहे. अखंड ताजे फळ मात्र त्यात धरलेले नाही. का? कारण रस काढला की आपण फळाचीही मिल केली, चोथा फेकून दिला. पेलाभर रसाला तीन-चार मोसंबी लागतात. तीन-चार मोसंबी सोलून कुणी एका दमात खात नाही.

तेव्हा नियम सोपा: फळ खावे, पिऊ नये. साखर सणावाराला, चहाला, बेताने असावी. ती आपली लक्ष्मी आहे, पण लक्ष्मी तिजोरीत शोभते, तशी साखर डब्यात शोभते.

देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या अभ्यासात दिला आहे. ज्यांना हा विकार आहे त्यांनी फळ वर्ज्य करण्याचे कारण नाही. पेरू, जांभूळ, पपई, संत्रे एका वेळी एक मध्यम फळ किंवा वाटीभर फोडी, असे खावे. आंबा, चिकू, केळे, सीताफळ, फणस यांचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे. जांभळाच्या बियांची पूड घेतो म्हणून गोळ्या सोडून देणारे काही लोक आमच्या पाहण्यात आहेत. तसे कदापि करू नये. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनीही फळांबाबत आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, कारण केळ्यासारख्या फळांतील पालाश त्यांच्या शरीराबाहेर नीट पडत नाही. निरोगी माणसाला मात्र हाच पालाश हितकारक असतो. जेवणातल्या मिठामुळे रक्तदाब चढू नये, यासाठी तो मदत करतो. १०० ग्रॅम केळ्यात तो सुमारे ३५० मिलिग्रॅम असतो. उसाला आपण म्युरेट ऑफ पोटॅशमधून देतो तेच हे मूलद्रव्य.

टोपलीतली फळे

मुंबईत मुलाकडे गेलात, तर उन्हाळ्यात बोरिवली किंवा मुलुंड स्टेशनच्या बाहेर थोडे थांबून बघा. पेट्या लावून बसलेल्या व्यापाऱ्याच्या पलीकडे जमिनीवर टोपल्या मांडून बसलेल्या आदिवासी बाया दिसतील. करवंदे, जांभळे, ताडगोळे, पांढरे जाम, पानाच्या द्रोणात मापून दिलेले. बोरिवलीला लागून असलेले संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे. त्याच्या पलीकडे येऊर, पालघर, वसई. बोरिवलीचे नावच मुळी बोरींच्या झाडांवरून पडले असे सांगतात. वसईकडची राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून केलेली ‘सुकेळी’ ही तर तिकडची खास वस्तू. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे.

हे सांगण्याचे कारण असे, की उपनगरातला शहाणा माणूस टोपलीतले फळ पैसे मोजून घेतो. आणि आपल्या ओढ्याकाठचे जांभूळ पडून, सडून, वाटेला निळा चिखल करून जाते. बोरे पोरे खातात म्हणून हलकी, करवंद रानचे म्हणून हलके, पेरूने सर्दी होते म्हणून नको! पेरूने सर्दी होत नाही. सर्दी विषाणूंमुळे होते.

हंगामाप्रमाणे आपल्याकडची फळे ध्यानात ठेवावीत ती अशी:

– उन्हाळा: आंबा, फणस, करवंद, कलिंगड. आंबा आणि पपईतील केशरी रंगद्रव्यापासून शरीर ‘अ’ जीवनसत्त्व तयार करते. ते डोळ्यांना आवश्यक आहे.
– पावसाळा: सुरुवातीला जांभूळ, मग पेरू, शेवटी सीताफळ.
– हिवाळा: आवळा, बोर, पेरू, संत्रे.
– बारमाही: केळी, पपई, चिकू, लिंबू.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीप्रमाणे माणशी दिवसाला सुमारे १०० ग्रॅम फळ आणि त्याबरोबर भरपूर भाजी असावी. १०० ग्रॅम म्हणजे एक मध्यम केळे किंवा एक लहान पेरू. फार मोठी मागणी नाही.

घरापुरती पाच झाडे

महागाईचे कारण सांगणाऱ्यांना आमचे उत्तर असे, की ज्याच्याकडे विहीर आहे, त्याने फळ विकत घ्यावे लागू नये. उसाच्या पट्ट्यात झाडे लावा असे आम्ही म्हणत नाही. सावलीत ऊस मरतो आणि शेजाऱ्याच्या बांधावर सावली गेली तर तंटा वाढतो. मोटारीच्या खोलीजवळ, गोठ्यामागे, परसात जागा असते. तेथे ही पाच जातींची झाडे घ्यावीत:

१. पेरू: सरदार, म्हणजेच एल-४९. हा वाण आपल्या पुण्याच्या गणेशखिंड बागेत निवडलेला. खात्रीच्या रोपवाटिकेतले कलम घ्यावे.

२. पपई: तीन-चार रोपे. वर्षाच्या आत फळ. बुंध्याशी पाणी साचले की मूळकूज होते, म्हणून उंचवट्यावर लावावी.

३. केळ: मोरीच्या सांडपाण्यावर एक-दोन मुनवे. बाहेरून पाणी देण्याची गरज जवळजवळ पडत नाही.

४. कागदी लिंबू: रोजच्या जेवणात फोड पिळण्यासाठी. पिळायची ती वरणात-भाजीत ताटात पडल्यावर. शिजताना घातली तर उष्णतेने ‘क’ जीवनसत्त्व कमी होते.

५. आवळा: जागा असेल तर दोन वेगळ्या जातींची दोन झाडे, म्हणजे फळधारणा चांगली होते. जागा कमी असेल तर शेवगा व कढीपत्ता यांनाच ती द्यावी.

काही सावधगिरी

कच्च्या पपईत चीक असतो. गरोदर स्त्रीने ती खाऊ नये. पूर्ण पिकलेल्या पपईबद्दल तशी भीती बाळगण्याचे कारण दिसत नाही, तरी मनात शंका असेल तर डॉक्टरांना विचारावे आणि तोवर दुसरे फळ खावे; फळच बंद करू नये. आंबा खाण्यापूर्वी पाण्यात घालून ठेवण्याची आपली जुनी रीत चांगली आहे, देठाचा चीक व धूळ निघून जाते. कार्बाईडने फळे पिकविण्यास कायद्याने बंदी आहे. घरी पिकवायची तर गवताची अढी घालावी. रस्त्यावर चिरून उघडी ठेवलेली फळे घेऊ नयेत. शहरात असो वा तालुक्याला, अखंड फळ घ्यावे, धुवावे आणि स्वतः चिरावे.

शेवटचे आणि महत्त्वाचे

आपल्या घरांत जेवणाचा एक क्रम आहे. आधी गडीमाणसे, मग पोरे, शेवटी बाया. पातेल्यात उरेल ते त्यांना. फळाचेही तसेच. डझनभर केळ्यांतली शेवटची दोन, काळी पडलेली, सुनेच्या वाट्याला येतात. पुष्कळदा तीही ती लेकराला देते. वर सांगितलेली ५४ टक्क्यांची संख्या काही आकाशातून पडलेली नाही. ती अशाच घराघरांतल्या ताटांतून तयार झाली आहे.

उसात आपण म्हणतो, बेणे निरोगी तर फड निरोगी. बेणेमळ्याला आपण सर्वांत चांगली जमीन, सर्वांत चांगले खत, पहिले पाणी देतो. घरातली लेक आणि सून यांच्या पोटी पुढची पिढी यायची आहे. पण तेवढ्यासाठीच नव्हे, त्या स्वतः दिवसभर खुरपणीला वाकतात, धार काढतात, पाणी भरतात, म्हणूनही पहिला हक्क त्यांचा आहे.

तेव्हा सभासद बंधूंनो, या आठवड्यात बाजारला गेलात की अर्धा किलो शेव-फरसाणाऐवजी किलोभर पेरू आणावेत. घरी आल्यावर ते स्वतः धुवावेत, चिरावेत, आणि पहिली फोड आपल्या ताटात न घेता, चुलीपाशी भाकरी भाजीत बसलेल्या माणसाच्या हातात द्यावी. ती “नंतर खाते” म्हणेल. नंतर नको, जेवणाबरोबरच, असे सांगावे. कारण आपण वर वाचलेच आहे.

– ऊस विकास अधिकारी